मुक्या माराचे रंग

परवा अंधारात पलंगाचा कोपरा नडगीला सणसणीत लागला. रक्त आलं नाही, नुसता मुका मार. दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं, मग कडेने हिरवट छटा आली आणि आता पिवळा डाग उरलाय. शरीर आत रोज जुनं रक्त मोडीत काढत असतं. तेच काम इथे कातडीखाली उघड्यावर चाललेलं दिसतं.

रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. त्यामुळे झीज झाली तरी तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही. साधारण १२० दिवस ती फिरते आणि हळूहळू ताठर होत जाते. तिची परीक्षा पांथरीत, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या प्लीहेत होते. पेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद, तर पांथरीतल्या फटी जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरच्या! तरणी पेशी अंग चोरून पलीकडे जाते, म्हातारी अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. यकृत आणि अस्थिमज्जेतही हे काम चालतं.

पुढचा व्यवहार अट्टल भंगारवाल्याचा. हिमोग्लोबिनमधलं प्रथिन सुटं करून वापरात घ्यायचं, लोह काढून ठेवायचं. उरतं ते आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन. माझ्या नडगीवरचे रंग हेच. बिलिरुबिन यकृतातून पित्तात आणि तिथून आतड्यात उतरतं. विष्ठेचा तपकिरी आणि लघवीचा पिवळा रंग त्याच्यापासूनच येतो. हा निचरा तुंबला की डोळे पिवळे होतात, म्हणजेच कावीळ.

खरी चिकाटी लोहाच्या बाबतीत. अस्थिमज्जा दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी घडवते. त्यासाठी रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह लागतं आणि जेवणातून अंगी लागतं ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. बाकी सगळं जुन्या पेशींचंच. मुक्या मारातलं लोहही बहुतेक परत मिळतं. अंगाबाहेर गेलेलं मात्र गेलंच. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन नुसत्या पालेभाजीने चटकन वर येत नाही, ते यामुळे.

१२० दिवसांचा हिशेब कसा लागला? अमेरिकेत १९४०च्या दशकात डेव्हिड शेमिन या शास्त्रज्ञाने ग्लायसिन, म्हणजे हिमोग्लोबिन घडवायला लागणारं एक अमिनो आम्ल, तीन दिवसांत ६६ ग्रॅम स्वतःच खाल्लं. त्यात खुणेसाठी नेहमीपेक्षा जड नायट्रोजन होता, आणि पुढे कित्येक महिने त्याने आपल्या रक्तात ती खूण शोधली. त्याचं उत्तर आलं १२७ दिवस.

मधुमेहाची 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीए१सी, याच आयुष्यावर बेतलेली आहे. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर पेशी असेपर्यंत तिच्यासोबत राहते. पण सिकलसेलमध्ये, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजारात, पेशी १०-२० दिवसांतच मोडते, तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे गडचिरोली-नंदुरबारकडे, जिथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, तिथे हा आकडा चांगला आला तरी बोटातून रक्त काढून साखर तपासावीच लागते.