डासाची खाज आणि गोचिडीची शांतता

डास काय, गोचीड काय, दोघंही त्वचा भेदून लाळ सोडतात आणि रक्त पितात. त्यामुळे दोन्ही चावे आपण खाजेवरून ओळखू पाहतो. गोचिडीच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो.

डासाची मादी (नर चावतच नाही) काही मिनिटांत पोट भरून उडून जाते. रक्त गोठू नये, रक्तवाहिन्या आकसू नयेत यासाठी तिच्या लाळेत प्रथिनं असतात. शरीराला ती परकी वाटतात. मग त्वचेतल्या मास्ट पेशी (शरीराच्या पहारेकरी पेशी) हिस्टामिन हे रसायन सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावून द्रव पाझरतो, गांधी उठते आणि खाज सुटते. थोडक्यात, सूज आपल्याच शरीराने आणलेली असते. म्हणूनच आयुष्यात पहिल्यांदा डास चावतो तेव्हा बहुधा काहीच उठत नाही; लाळेची ओळखच झालेली नसते. मादीला मात्र या दाहाचं सोयरसुतक नाही. तो भडकेपर्यंत ती पसार झालेली असते.

गोचिडीला ही चैन परवडत नाही. टणक पाठीची गोचीड एकाच जागी कित्येक दिवस चिकटून रक्त पिते. तेवढ्या वेळात खाज सुटली, तर नखाखाली सापडलीच म्हणायची. त्यामुळे तिची लाळ थेट दाहाच्या मुळावर उठते. त्यातली काही प्रथिनं हिस्टामिनला पकडून ठेवतात, तर इव्हॅसिन नावाची प्रथिनं पांढऱ्या पेशींना बोलावणारे रासायनिक निरोप मध्येच अडवतात. सूज नाही, खाज नाही, मेजवानी चालू.

दर वेळी ती जिंकतेच असं नाही. परजीवींचे अभ्यासक विल्यम ट्रेगर यांनी 1939 मध्ये गिनीपिगवर दाखवलं, की एकदा गोचिडीची पिल्लं चावून गेली की पुढच्या खेपेच्या पिल्लांना धड रक्त पिता येत नाही. त्या प्राण्यांच्या शरीराने लाळ ओळखलेली असते.

तेव्हा गवतातून, झाडीतून फिरून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा आणि केसांची कड डोळ्यांनीच तपासावी. गोचीड काढल्यावर तिथे एक-दोन दिवस छोटा लाल फोड दिसतो, तो लाळेवरचा दाह. पण चाव्यानंतर 3 ते 30 दिवसांनी उमटून हळूहळू पसरत जाणारा लाल चट्टा ही वेगळी गोष्ट: ती गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जिवाणूंची खूण असते, अनेकदा तीही न खाजणारी, आणि तिच्यासाठी डॉक्टर गाठावा लागतो.