स्टेंट टाकला म्हणजे सायकल कायमची बंद? नाही हो!

अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडून तिथे स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसवला, की कोणीतरी सांगतंच, आता सायकल विसरा, पॅडल मारताना स्टेंट सरकेल. हे चुकीचं आहे. स्टेंट नुसता ठेवलेला नसतो, बलून फुगवून रक्तवाहिनीच्या भिंतीत दाबून बसवतात आणि पुढच्या काही आठवड्या-महिन्यांत त्यावर आतून पेशींचा थर चढतो, त्यामुळे व्यायामाने तो हलत नाही. अहो, १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट स्वतःच सायकलचे मोठे पुरस्कर्ते होते!

पण घाई नको. डॉक्टरांनी हो म्हटलं की आधी घरातली स्थिर सायकल, कमी लोड, ५-१० मिनिटं, मग हळूहळू वेळ वाढवायचा आणि चढ सगळ्यात शेवटी. बायपासवाल्यांनी ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, रस्त्यावर जाऊच नये, हँडलवर भार येतो आणि पडलात तर अवघड. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर घड्याळातल्या पल्सवर जाऊ नका, ती गोळी पल्स फारशी वाढू देत नाही, त्यापेक्षा चालवताना नीट बोलता येतंय का ते बघा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात, पडलात तर रक्तस्राव लवकर थांबत नाही, म्हणून हेल्मेट हवंच. छातीत दाबल्यासारखं वाटलं, चक्कर आली तर लगेच थांबा, आणि थांबूनही छातीतलं गेलं नाही तर १०८ ला फोन करा.