जुळ्या डिस्कमधली खरी कोणती?

हार्ड डिस्क बंद पडणार हे नक्की, कधी ते मात्र कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून एकीऐवजी दोन डिस्क लावायच्या आणि लिहायचं ते दोन्हींवर लिहायचं. एक गेली तरी काम थांबत नाही. हे झालं मिररिंग, म्हणजेच रेड-१. रेड (अनेक डिस्क मिळून एक संच) हे नाव १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांच्या शोधनिबंधाने रूढ केलं. जोडीने लिहिण्याची युक्ती त्याहून जुनी.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर यासाठी वेगळं कार्ड लागत नाही. कर्नेलमधला, म्हणजे तिच्या गाभ्यातला, 'एमडी' नावाचा भाग हे काम सांभाळतो आणि एमडीएडीएम या प्रोग्रामने त्याला आज्ञा देता येतात. दोन पार्टिशन (डिस्कचे आखलेले भाग) द्यायची, पातळी १, म्हणजे रेड-१, सांगायची, की दोन्हींची मिळून एकच डिस्क दिसू लागते. जागा अर्थातच लहान पार्टिशनएवढीच मिळते. एक सोय मला फार आवडते: दुसरी डिस्क 'गैरहजर' आहे असं सांगूनही जोडी उभी करता येते. नव्या डिस्कवर अर्धी जोडी बांधायची, जुन्यावरचा डेटा तिच्यात आणायचा, तो तपासायचा आणि मगच जुनी डिस्क जोडीत घ्यायची. जोडीत येताच तिच्यावरचं सगळं पुसून नवीन लिहिलं जातं. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटने भरली, तरी त्याला ७ तासांहून जास्त लागतात.

इथवर सोपं आहे. खरी गंमत दोन्ही प्रती जुळत नाहीत तेव्हा सुरू होते.

समजा, एका डिस्कची केबल सैल झाली आणि दोन दिवसांनी ती परत लागली. मधल्या काळात दुसरीवर बरंच लिहिलं गेलेलं असतं. अशा वेळी कामी येतो प्रत्येक डिस्कवर एमडीने नोंदवलेला एक आकडा. जोडीच्या स्थितीत बदल झाला की तो वाढतो. ज्या डिस्कवरचा आकडा मागे राहिलेला दिसतो, ती शिळी.

वीज गेली तर? एकीवर लिहून झालं, दुसरीवर राहिलं. अशा वेळी कोणतीही प्रत खरी मानली तरी चालतं, कारण 'लिहून झालं' असा निरोप लिहायला सांगणाऱ्या प्रोग्रामकडे गेलेलाच नसतो. फक्त दोन्ही सारख्या करायला हव्यात. त्यासाठी अख्खी डिस्क चाळावी लागू नये म्हणून बिटमॅप असतो. कुठे लिहायला घेतलंय याची खूण त्यात आधीच केलेली असते, तेवढेच भाग पुन्हा जुळवले जातात.

तिसरा प्रकार मात्र वाईट. डिस्क कसलीही तक्रार न करता चुकीचे बिट वाचून देते. साध्या जोडीत एमडीकडे डेटाची चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नसते, आणि वाचताना तो दोन्ही प्रती ताडूनही पाहत नाही. मुद्दाम तपासणी लावली तर किती ठिकाणी फरक आहे ते कळतं, पण चूक कोणाची ते नाही. 'दुरुस्ती' करायला सांगितलं तर एक प्रत दुसरीवर उतरवली जाते. ती चुकीची असली तर चांगली प्रतही जाते! झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती) प्रत्येक तुकड्याची चेकसम वेगळी जपतात. त्यामुळे वाचतानाच खोटी प्रत पकडली जाते आणि दुसरीवरून ती दुरुस्त होते.

तुम्ही स्वतःच फाइल पुसलीत, तर मात्र दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात. त्यासाठी बॅकअप वेगळाच ठेवावा लागतो.