घुमट जवळ येत नाही तेव्हा

पहाटे साडेपाचला वाशीहून पाम बीच रोडने निघालं की सीवूड्स मागे पडेपर्यंत सगळं छान चाललेलं असतं. मग समोर बेलापूरच्या टोकाला नवी मुंबई महापालिका मुख्यालयाचा घुमट दिसू लागतो. दिसतो, पण जवळ येत नाही. रस्ता सपाट आणि रुंद, एका अंगाला खारफुटी, मनाला धरून ठेवायला काहीच नाही. रविवारच्या लाँग रनमध्ये आमच्यापैकी बहुतेकांचं मन इथेच कच खातं.

माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनमध्ये असा घुमट ३३व्या किलोमीटरला उभा राहिला. आता एक पाऊलही टाकणं शक्य नाही, याची मला खात्री होती. बाकीचं अंतर चालत, कण्हत काढलं. पण शेवटच्या तीनशे मीटरवर ढोल ऐकू आले, कठड्यापाशी लेक दिसली आणि मी चक्क पळाले. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही: ही ताकद नऊ किलोमीटर कुठे होती?

हिशेब आधी शरीराचा मांडू. धावताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरला सुमारे २७०० लागतात. स्नायू आणि यकृतातल्या ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा मात्र १५०० ते २००० चा. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश निघते. तिसाव्या किलोमीटरनंतर धावपटू ज्याला ‘वॉल’ म्हणतात, ती बऱ्याच अंशी ही तूट आहे. म्हणजे थकवा खोटा नाही. पण थांबायचं कधी, हे एकटे पाय ठरवत नाहीत.

याचा मला सर्वांत पटलेला पुरावा २००४ सालचा. ब्रिटनमधल्या संशोधकांनी सायकलपटूंना सुमारे तासाभराच्या जोरदार शर्यतीत अधूनमधून कर्बोदकाच्या द्रावणाने नुसती चूळ भरायला लावली. गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. पोटात काहीच गेलं नाही, तरी वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. याच गटाने दुसऱ्या प्रयोगात ग्लुकोज थेट शिरेतून दिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही! इंधन रक्तात पोहोचलं, पण तोंडाला कळलं नाही. उलट तोंडाला कळलं तेव्हा मेंदूने हात सैल सोडला. मेंदू सतत अंदाज बांधत असतो, किती उरलंय आणि किती खर्चू द्यायचं. आपल्याला जाणवणारा थकवा या अंदाजातूनही घडतो.

मग मेंदूच दमलेला असेल तर? २००९ साली संशोधक सामुएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम संगणकावर दिलं आणि मग सायकलवर बसवलं. एरवीपेक्षा ते सुमारे १५ टक्के आधी थांबले. हृदय आणि स्नायू तक्रार करत नव्हते. तेवढेच श्रम त्यांना जास्त वाटत होते, इतकंच. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत शिफ्ट करून शर्यतीच्या आदल्या रात्री लॅपटॉप उघडणाऱ्या मित्रांना मी हे दर वेळी कळकळीने सांगते. त्या दिवशी पायांइतकीच विश्रांती डोक्याला हवी.

धावताना लक्ष कुठे ठेवायचं, हा जुना वाद. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत दळायच्या. लय हाताला आणि मन माहेरी. १९७७ मध्ये मॉर्गन आणि पोलॉक या संशोधकांनी धावपटूंना बोलतं केलं, तेव्हा सामान्य धावपटू असंच मन दुसरीकडे नेतात, तर अव्वल धावपटू श्वास, पोटऱ्या, पेस (धावण्याचा वेग) यांवर नजर ठेवतात, असं दिसलं. माझ्या मते आपल्याला दोन्ही लागतं. पहिल्या निम्म्यात ओवी, गप्पा, खाडीवरचे पक्षी. पुढे दर किलोमीटरला अंगावरून एक फेरी: जबडा आवळलाय का, खांदे कानाशी गेलेत का, पाणी कधी प्यायले?

आणि स्वतःशी बोलणं. २०१४ च्या एका प्रयोगात २४ जणांपैकी निम्म्यांनी स्वतः निवडलेली वाक्यं दोन आठवडे व्यायामात वापरली. दमून थांबेपर्यंतचा त्यांचा वेळ १८ टक्क्यांनी वाढला. उरलेल्यांचा वाढला नाही. पुढे २०१९ मध्ये दिसलं की ‘मी करू शकतो’पेक्षा ‘तू करू शकतोस’ म्हणणारे १० किलोमीटर सायकलिंगमध्ये जास्त वेगवान ठरले. आपल्याला हे शिकायची गरजही नाही. ‘अगं, चल की, त्या सिग्नलपर्यंत तर जा,’ असं मी स्वतःला कितीदा म्हणते! बाहेरून कोणी मायेने बोलल्यासारखं लागतं ते. मात्र वाक्य शर्यतीच्या दिवशी सुचत नाही. लाँग रनमध्ये घोटवावं लागतं.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. आपल्या हवेत दमटपणामुळे घाम वाळत नाही, अंग तापत जातं, तोच पेस जास्त जड वाटतो. हा मेंदूचा इशारा खरा असतो. छातीत दुखणं, भोवळ, अंगावर शहारे, सांध्यात एकाच जागी वाढत जाणारी कळ यांना कुठलंही वाक्य ऐकवायचं नाही. थांबायचं आणि मदत मागायची. चार तासांच्या आत मॅरेथॉन संपवायचा आकडाही त्या दिवशी सोडून द्यायचा. या आकड्याची ओढ किती, ते जवळपास १ कोटी मॅरेथॉन वेळांच्या अभ्यासात दिसतं: चार तासांच्या जरा आत पोहोचणाऱ्यांची गर्दी, आणि काटा पुढे सरकला की एकदम विरळ.

आमच्या ग्रुपमधल्या नेरुळच्या एक काकू, वय ६१, घुमटाकडे बघतच नाहीत. त्या दिव्याचे खांब मोजतात. दहा झाले की पुन्हा एकपासून. मागच्या रविवारी मी घड्याळ झाकून त्यांच्या शेजारून पळाले. मधे एकदा माझा श्वास चढला, तर म्हणाल्या, “सात झाले गं, तीनच राहिलेत.” तीन झाले, पुन्हा तीन झाले, आणि घुमटापाशीचं किल्ला जंक्शन आलं. काकूंनी पाण्याचे दोन घोट घेतले, वाशीच्या दिशेने तोंड केलं आणि म्हणाल्या, “एक.”