मलावी हिलचा बुटका सरडगुहिरा

आफ्रिकेतील मलावी देशाच्या दक्षिण टोकाला, एन्सांजे जिल्ह्यातील मलावी हिल या डोंगरावर, कमी उंचीवरच्या सदाहरित जंगलाचे काही तुकडे उरले आहेत. चॅपमन यांच्या नावाने ओळखला जाणारा बुटका सरडगुहिरा (ऱ्हाम्फोलिऑन चॅपमनोरम) मूळचा इथलाच. पूर्ण वाढ झाली तरी त्याची लांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपासच राहते. अंग वाळक्या पानासारखे तपकिरी असते, पण प्राणी निवांत असला की त्यावर निळे-हिरवे ठिपके उमटतात. दिवसा तो जमिनीलगतच्या पालापाचोळ्यात वावरतो आणि रात्री बुटक्या झुडपांवर झोपतो. झोपेत त्याचा रंग फिका पडत असल्यामुळे, दिवसा शोधूनही न दिसणारा हा जीव रात्री विजेरीच्या उजेडात चटकन नजरेस पडतो.

कॉलिन टिलबरी यांनी १९९२ मध्ये या प्रजातीची पहिली शास्त्रीय नोंद केली, तेव्हाच जंगलतोड बरीच झालेली होती. म्हणून १९९८ मध्ये ३७ सरडगुहिरे सुमारे ९५ किलोमीटर उत्तरेला मिकुंडी येथील जंगलात नेऊन सोडण्यात आले. हा उपाय त्या वेळी धाडसाचाच म्हणावा लागेल, पण त्यांचे वंशज तिथे टिकले आहेत. मूळ जंगलाचे मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २०१९ पर्यंत, मुख्यतः शेतीसाठी, सुमारे ८० टक्के क्षेत्र नष्ट झाले आणि ही प्रजाती नामशेष झाली असावी, अशी भीती व्यक्त होऊ लागली.

२०१६ मध्ये क्रिस्टल टॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मलावी हिलच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत हे सरडगुहिरे जिवंत आढळले. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर बातम्यांमध्ये गाजला तो ‘पुन्हा सापडला’ एवढाच भाग. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहेत ते डीएनए तपासणीचे निष्कर्ष. वेगवेगळ्या तुकड्यांमधील प्राण्यांत लक्षणीय जनुकीय फरक आढळला, म्हणजेच त्यांचा आपसात संकर होत नाही. सावली आणि ओलाव्यावर जगणाऱ्या एवढ्याशा प्राण्याला मधली उघडी शेते ओलांडता येत नाहीत. तुकड्यांत अडकलेल्या लहान गटांतील जनुकीय वैविध्य पिढ्यांगणिक घटत जाण्याचा धोका असतो आणि एखादा तुकडा तोडला गेला, तर तिथला वेगळा वंश मिकुंडीच्या गटातून भरून काढता येणार नाही. त्यामुळे अतिसंकटग्रस्त ठरलेल्या या प्रजातीसाठी उरलेली तोड तातडीने थांबवावी आणि तुकडे पुन्हा जोडले जातील असे जंगल वाढू द्यावे, अशी संशोधकांची मागणी आहे.