घोड्याच्या डोळ्यात वळवळणारा दोरा

लग्नसराई आटोपली की नागपुरातले वरातीचे घोडे जरा निवांत होतात, आणि मग पाऊस लागतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर एखादा घोडेवाला काळजीने सांगतो, "घोडीच्या डोळ्यात फूल पडलं." डोळ्यातून सारखं पाणी, उजेड सोसत नाही, बुबुळावर निळसर-पांढरी झाक. मार लागला असेल असंच आधी वाटतं. पण टॉर्च तिरका धरून जरा थांबून पाहा. झाकेमागे पांढरा दोरा दिसतो, नागमोडी वळतो, वेटोळं घालतो, पुन्हा सुटतो.

हा सेटारिया जंत. घोड्याचा स्वतःचा सेटारियाही असतो, पण आपल्याकडे डोळ्यात बहुधा सापडतो तो सेटारिया डिजिटाटा, म्हणजे गाई-म्हशींचा. त्यांच्या पोटाच्या पोकळीत, आतड्यांच्या बाहेर, तो सहसा काही त्रास न देता राहतो. मादी आपली सूक्ष्म पिल्लं रक्तात सोडते. डास ती रक्तासोबत ओढतो आणि सुमारे २ आठवड्यांत ती त्याच्या अंगात पुढच्या जनावराला लागण करण्याइतकी वाढतात. तोच डास घोड्याला चावला की पिल्लू परक्या शरीरात वाट चुकतं. कधी डोळ्यात शिरतं, कधी मज्जारज्जूत. तिथे गेलं तर घोड्याची कंबर लुळी पडते. त्या दुखण्याला घोडेवाले 'कुमरी' म्हणतात. पूर्व विदर्भाला हत्तीरोग ठाऊक आहेच. तोही डासांतूनच पसरतो आणि त्याचे जंत सेटारियाचे भाऊबंद.

म्हणून तबेल्याला लागून गोठा आणि शेजारी साचलेलं डबकं, ही जोडी मला फार खटकते. डबकं बुजवा, संध्याकाळी तबेल्याला जाळी लावा.

डोळ्यात मात्र घरचं काहीही घालू नका. जंत आतल्या पाण्यात असतो, वरून टाकलेला थेंब त्याला काढू शकत नाही. औषधाने तो आतच मेला तर सूज आणखी वाढू शकते. त्याला जिवंत बाहेर काढणंच उत्तम. पशुवैद्य घोड्याला गुंगी देतात, डोळा बधिर करतात आणि बुबुळाच्या कडेला जाड सुई टोचतात. आतलं पाणी चिळकांडीसारखं उडतं, त्यासोबत जंतही येतो. ते पाणी डोळा स्वतःच पुन्हा भरून काढतो. झाक उतरायला काही आठवडे लागतात. फार उशीर झाला असेल तर पांढरा डाग तसाच राहतो.