शोध आधीच झालेला असतो

लासलगाव परिसरातला शेतकरी मोबाइलवर 'कांद्यावरील करपा' असे टाइप करतो आणि क्षणार्धात उत्तरांची यादी समोर येते, तेव्हा सर्च इंजिनने त्या क्षणी सारे इंटरनेट धुंडाळले असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात बरेचसे काम आधीच उरकलेले असते. क्रॉलर नावाचे प्रोग्राम एका पानावरील लिंकवरून दुसऱ्या पानावर अखंड फिरून मजकूर गोळा करतात आणि त्यातून, जाडजूड ग्रंथाच्या शेवटी असते तशी, कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची अवाढव्य सूची तयार होते. प्रश्न येताच चाळली जाते ती ही सूची.

सापडलेल्या पानांचा क्रम लावणे अधिक अवघड. केंब्रिजच्या संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेला विचार आजही पायाभूत मानला जातो: जो शब्द मोजक्याच पानांवर येतो, त्याला अधिक वजन द्यावे. 'आणि' सगळीकडेच असतो. 'करपा' मात्र नेमक्या पानांकडे नेतो. पुढे १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी एखाद्या पानाकडे किती आणि किती महत्त्वाची पाने लिंक देतात, यावरून त्या पानाचे मोल ठरवण्याची पद्धत मांडली.

मराठीपुरता खरा पेच सूचीतच आहे. 'दाण्याला' हे रूप 'दाणा'चे, पण तसेच दिसणारे 'पाण्याला' हे 'पाणी'चे; केवळ प्रत्यय छाटून मूळ शब्द हाती लागत नाही आणि तो लागला नाही, तर उपयुक्त पान असूनही निसटू शकते. त्याहून मोठे नुकसान युनिकोडपूर्व, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड ही प्रमाण पद्धत रुळण्याआधीच्या, फाँटांमुळे झाले आहे, असे मला वाटते. अशा फाँटांत टंकलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी ती बहुधा रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. आपल्या संस्थेच्या जुन्या पीडीएफमधील एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून पाहावा. तेथे देवनागरीऐवजी असंबद्ध चिन्हे उमटली, तर तो मजकूर मराठीत शोधणाऱ्याला सापडण्याची आशा जवळजवळ नाही, आणि तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा प्रसिद्ध करणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.